कोरचीच्या पोरांसाठी गाण्याची तयारी

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेला, छत्तीसगडला लागून, कोरची तालुका आहे. तिथल्या एका आश्रमशाळेत दिवाळीच्या सुट्टीनंतर जायचं आणि आठवडाभर मुलांसोबत गायचं, असं आमच्या नागपूरच्या गटाने उन्हाळ्यातच ठरवलं. गट लहानसा. मी धरमपेठेत घरी गाण्याच्या शिकवण्या घेते. बँकेतून निवृत्त झालेले एक काकाजी तबला वाजवतात, एक इंजिनीअरिंगचा मुलगा ढोलकी वाजवतो आणि माझी एक मैत्रीण बालवाडी चालवते. जायचं होतं आठवडाभरासाठी, पण तयारीत अख्खा पावसाळा गेला. ‘आम्हालाही असं जायचं आहे, सुरुवात कुठून करायची’ असं बरेच जण विचारतात. म्हणून त्या तयारीबद्दलच लिहिते आहे.

शाळेत गाण्याची आवड असलेले एक शिक्षक आहेत. त्यांच्याशी पहिल्यांदा फोनवर बोलले तेव्हा आम्ही काय काय करणार ते मी सांगायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्याडम, याच्या आधी बी लोकं येऊन गेले जी. स्पीकर लावला, मस्त गाने म्हनले, पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमी गेल्यावर आमी काय म्हनाचं, तेवढं सांगा.”

तो प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्यावर घासून पाहिला. आम्ही परत आल्यावर जे तिथे टिकणार नाही ते न्यायचं नाही, एवढं एक सूत्र धरलं की बाकीच्या गोष्टी आपोआप सुटत जातात.

आधी कागदपत्रांचं सांगून टाकते. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे नुसत्या मुख्याध्यापकांच्या होकाराने भागत नाही, गडचिरोलीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा लागतो. अर्जाला प्रत्येकाचं ओळखपत्र आणि रोजच्या कार्यक्रमाचा आराखडा जोडला. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखलाही आम्ही आपणहून काढून घेतला. कोणी सांगेपर्यंत थांबायचंच कशाला? मुलं वसतिगृहात, आईबापापासून लांब राहतात. त्यांच्यात जाऊन राहणाऱ्या माणसाबद्दल शाळेला खात्री असलीच पाहिजे. आपसातही नियम ठरवले: कोणीही एका मुलासोबत एकटं थांबायचं नाही, मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका सोबत असल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, मुलांच्या चेहऱ्याचे फोटो आपल्या फोनमध्ये काढायचे नाहीत. चॉकलेटं, कंपासपेट्या वाटायच्या नाहीत, हेही त्यातच आलं. ढोलकीवाल्या पोराला हे शेवटचं जरा कठोर वाटलं. पण वाटायला बसलं की मुलं रांग लावतात, आणि एकदा रांग लागली की गोल करून गाणं होत नाही. हे माझ्या मैत्रिणीचं बालवाडीतलं पक्कं मत, आणि मला ते पटलं.

खरं काम सुरू झालं ते पट्टीपासून, म्हणजे गाणं किती उंच किंवा खाली सुरू करायचं यापासून.

मी सरांना म्हटलं, “सर, तुमच्या परिपाठाचं रेकॉर्डिंग पाठवाल का? काही तयारी करू नका, रोज होतो तसाच पाठवा.” शाळेत नेटवर्क धड नाही. सर रविवारी कुरखेड्याला बाजाराला आले तेव्हा तिथून त्यांनी ते पाठवलं. प्रार्थना होती, राष्ट्रगीत होतं आणि राज्यगीत होतं. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ राज्यगीत झालं २०२३ साली. ते लिहिणारे राजा बढे आपल्या नागपूरचे, १९१२ साली इथेच जन्मलेले. माझ्या शिकवणीतली मुलं ते जसं म्हणतात त्याहून कोरचीच्या मुलांचं म्हणणं कितीतरी मोकळं होतं. मी तंबोऱ्याचं ॲप लावून त्यांचा सा, म्हणजे गाण्याचा मूळ स्वर, शोधला. मुलं आपल्या मनाने सुरू करत होती ती मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या, म्हणजे पेटीच्या (हार्मोनियमच्या) दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या आसपास. चाल वर चढली की मात्र गाणं संपून ओरडणं सुरू होत होतं.

माझा स्वतःचा सा काळी चारचा, पेटीच्या खालच्या सप्तकातला. मोठ्या बाईच्या गळ्याला तो सोयीचा पडतो, कारण तिथून मंद्रातही, म्हणजे आणखी खालच्या स्वरांतही उतरता येतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला त्या सा वर गायला लावलं तर आवाज पुटपुटल्यासारखा निघतो, आणि मग मोठी माणसं म्हणतात, ‘हा बेसूर आहे.’ मूल बेसूर नसतं, पट्टी त्याची नसते. पुरुषाने सुरुवात करून दिली तर आणखी एक अडचण होते. त्याचा आवाज एक सप्तक खाली असतो, मुलं नेमका तोच पकडायला जातात आणि घशातून घुमल्यासारखा आवाज काढतात. म्हणून पहिल्यांदा म्हणून दाखवायचं ते मी आणि मैत्रिणीने, काकाजींनी फक्त वाजवायचं, असं ठरलं.

आमच्या सोसायटीतली मुलं संध्याकाळी बोलावून मी हे करून पाहत होते. पांढरी दोनला सा धरला आणि चाल धैवताच्या (‘ध’ च्या) वर नेली नाही, तर सगळ्यात लाजाळू मुलगीसुद्धा गाते. तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, आला की निम्मी मुलं मान वर करून ताणतात. मग मी गाण्यांची यादी काढली आणि तार सप्तकात जाणारी सगळी खोडली. त्यात माझी फार लाडकी दोन-तीन गाणी गेली. उरली त्यात भूप रागातली एक सरगम होती. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत, अर्ध्या अंतराचे स्वर नाहीत, त्यामुळे नवशिक्या गळ्याला पाय घसरण्याची जागाच कमी. शिवाय आपल्या विदर्भातली भुलाबाईची गाणी होती. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली जी गाणी म्हणतात ती तीन-चार स्वरांतच फिरतात, त्यांना ना पेटी लागते ना तबला, आणि एकीने सुरू केलं की बाकीच्यांना आपसूक येतं. मुलांनी गायची गाणी कशी असावीत, हे ज्या बायकांनी ती रचली त्यांना कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं कळत होतं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आठवी-नववीच्या मुलांचा वेगळा विचार करावा लागला. त्या वयात आवाज फुटत असतो. वर जाताना चिरकला की बाकीचे हसतात, आणि तो मुलगा पुढे आयुष्यभर ‘मला गाणं येत नाही’ म्हणत राहतो. असे कितीतरी मोठे पुरुष माझ्या ओळखीत आहेत. या मुलांसाठी काकाजींनी सगळा ठेका राखून ठेवला. केरव्याच्या आठ मात्रा चालण्यातून, दादऱ्याच्या सहा झोक्यातून. आणि गाताना त्यांनी खालच्या सप्तकातला सा आणि पंचम धरून ठेवायचा, म्हणजे तेच बाकी सगळ्यांचा आधार होतील.

आता पेटीबद्दल. माझी स्केल चेंजर (पट्टी बदलता येणारी) पेटी दोघांना उचलावी लागते, म्हणून एक हलकी पेटी न्यायची की नवी घ्यायची याची चर्चा आमच्यात चालू होती. तेवढ्यात सरांनी सहज म्हणून सांगितलं, “शाळेत हाय जी एक पेटी. कपाटात हाय. वाजत नाही.”

हे ऐकून सगळी चर्चा तिथेच थांबली. न्यायची ती पेटी नाही, दुरुस्ती न्यायची. मी सरांना म्हटलं, एकेक पट्टी दाबत व्हिडिओ काढा. तो व्हिडिओ घेऊन मी नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकाजींकडे गेले. त्यांचं दुकान म्हणजे एक बोळकांडं, तिथे भिंतीला टेकून उघड्या पडलेल्या पेट्या. त्यांनी व्हिडिओ कानाला लावून ऐकला, पाहिलाच नाही. म्हणाले, “भाता चांगला आहे. उंदरांनी खाल्लेला नाही.” कशावरून, म्हणून विचारलं, तर त्यांनी समोरच्या पेटीचा भाता भरला आणि हात सोडला. पट्टी न दाबता भाता हळूहळू बसला तर ठीक, चटकन बसला तर कुठेतरी हवा गळते. व्हिडिओत दोन वेळा भाता मारण्यामधलं अंतर त्यांनी कानांनी मोजलं होतं.

मग त्यांनी एक पेटी उघडून सुरांची फळी माझ्यासमोर धरली. पितळेचे लहान-मोठे सूर, म्हणजे हवेने थरथरून आवाज काढणाऱ्या पट्ट्या (रीड), ओळीने बसवलेले. “हे पालिताण्याचे,” त्यांनी सांगितलं. गुजरातेतलं पालिताणा सुरांच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. प्रत्येक सुराची जीभ आपल्या चौकटीत अगदी केसाएवढ्या फटीने सुटी हलते, आणि त्या फटीत धुळीचा एक कण बसला की ती जागची हलत नाही, सूर मुका होतो. काकाजींनी कोऱ्या कागदाची एक पट्टी कापली, जिभेखाली सरकवली, एकदा फिरवली आणि फुंकर मारली. सूर बोलला. मग त्यांनी ती पट्टी माझ्या हातात दिली. “करा.” मी करून पाहिलं. माझ्यामागून ढोलकीवाल्या पोराने केलं. सूर लावण्याचंही त्यांनी दाखवलं: जिभेच्या टोकाकडे घासलं की सूर चढतो, बुडाकडे घासलं की उतरतो. पण लगेच हात धरून म्हणाले, “हे तुम्ही करू नका. कागद चालवा, पट्टीखालचा स्प्रिंग ढिला झाला असेल तर बदला. घासायचं काम माझ्याकडे आणा.” स्प्रिंग, चामड्याचे तुकडे, सरस, आणि उंदीर-झुरळं लांब राहावीत म्हणून डांबरगोळ्या, असं सगळं एका पिशवीत भरून दिलं. पैसे घेतले ते फक्त सामानाचे.

त्या दुकानात जे शिकलो ते सगळ्या तयारीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं. गाणं पुढे चालू राहणं हे पुष्कळदा एका कागदाच्या पट्टीवर अवलंबून असतं.

तालवाद्यांसाठी फार शोधावं लागलं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी घेऊन गावोगावी भजनं केली. १९४२ च्या चळवळीत त्या भजनांपायी इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगातही टाकलं. महाराज १९६८ साली गेले, पण त्यांच्यामुळे विदर्भात खंजिरी आजही कुठल्याही गावच्या भजनी मंडळाकडे सापडते. मी सरांना विचारलं, तर त्यांच्या गावातही मंडळ होतंच, आणि तिथले म्हातारे आजोबा शाळेत येऊन मुलांना खंजिरी शिकवायला एका पायावर तयार होते. मग आम्ही नागपुरातून कशाला माणूस न्यायचा? आम्ही फक्त खंजिऱ्या आणि टाळांच्या जोड्या नेल्या. शिकवणारे तिथलेच, आणि ते आम्ही गेल्यावरही तिथेच राहणार.

भाषेचा प्रश्न मात्र मोठा होता. त्या शाळेतल्या मुलांच्या घरी कुठे गोंडी, कुठे छत्तीसगढी, कुठे झाडीबोली बोलतात. मराठी त्यांची शाळेतली भाषा. नागपूर वसवलं देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, १७०२ मध्ये. आणि त्याच नागपुरात आज गोंडी गाणं कानावर पडत नाही, याची मला खंत वाटते. आपण आपली गाणी घेऊन जायची आणि त्यांचं एकही येत नसताना जायचं, हे कोणालाच बरं वाटेना.

गडचिरोलीची एक मुलगी इथे वसतिगृहात राहून शिकते. तिला माझ्या मैत्रिणीने गाठलं. ती आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “ताई, रेला बसून नाही म्हणता येत.” रेला म्हणजे गोंडी नाचगाणं. मग आम्ही हॉलमधलं सगळं सामान भिंतीला लावलं. तिने आम्हाला ओळीत उभं केलं, एकमेकींच्या कमरेमागून हात धरायला लावले. पाऊल आधी शिकवलं, गाणं नंतर. एका बाजूने ओळ म्हणायची, दुसऱ्या बाजूने ती उचलायची, आणि मध्ये ‘रे रेला’ हे पालुपद सगळ्यांनी. काकाजी तबला काढायला लागले तर तिने त्यांनाही हात धरून ओळीत घेतलं. साठीच्या पुढचे काकाजी लाजले, पण दुसऱ्या आवर्तनाला त्यांचं पाऊल बरोबर पडत होतं. “यात ऐकणारं कोणी नसतं,” तिने सांगितलं, “जे आहेत ते सगळे नाचतात.”

तिने आणखी एक गोष्ट बजावली. लग्नाची गाणी लग्नातच म्हणतात आणि देवाची देवाच्या कामाला. मुलांना ‘तुमचं कुठलंही गाणं म्हणा’ असं म्हणाल तर ती गोंधळतील, नाही म्हणायला संकोचतील. त्याऐवजी ‘खेळताना काय म्हणता?’ असं विचारा. ‘जोहार’ म्हणून, म्हणजे त्यांच्या पद्धतीने नमस्कार करून, सुरुवात करा. या दोन वाक्यांसाठी मी तिची कायमची ऋणी आहे.

तारखा ठरवताना सरांनी पुन्हा सावध केलं. आम्ही निवडलेल्या आठवड्यात जवळच्या गावात मंडई, म्हणजे जत्रा होती. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्यात, दिवाळीनंतर मंडया भरतात आणि रात्रभर नाटक चालतं, समोर ऑर्गन, तबला, सगळं जिवंत. “त्या दुसऱ्या दिवशी पोट्टे पेंगतेत,” सर म्हणाले, “पन मंडईचं नाटक पायल्याशिवाय तुमी परत जाऊ बी नका.” म्हणून मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच ठेवलं नाही आणि दुपारी मुलांनी नाटकातली जी गाणी ऐकली तीच म्हणायची, असं आराखड्यात लिहून टाकलं. त्या मुलांच्या कानांवर लहानपणापासून नाट्यपदं पडतात. नागपुरातल्या किती मुलांबद्दल असं म्हणता येईल?

सामानाचं थोडक्यात. गडचिरोलीत हिवतापाचं प्रमाण जास्त आहे, तेव्हा प्रत्येकाने मच्छरदाणी घेतलीच पाहिजे, आणि ताप आला तर अंगावर न काढता तिथल्या आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यायचं, हे डॉक्टरांनी बजावलं. रात्री थंडी पडते, स्वेटर लागतो. जेवण मुलांसोबत, पंगतीत. खर्च ज्याचा त्याने करायचा. गाणी ब्राऊन पेपरवर मोठ्या अक्षरांत लिहून नेली. लिहिताना प्रत्येक टाळीच्या अक्षराखाली लाल रेघ मारली, कारण स्वरलिपी वाचायला शिकवण्यात आठवडा गेला असता. तीच गाणी मेमरी कार्डावर घातली, दोन-दोन प्रकारे. एकदा आवाजासकट आणि एकदा नुसती पेटी-ठेका. नेटवर्क नसलं तरी सर ती वर्गात लावू शकतील.

आणि सगळ्यात शेवटी, सरांची तयारी. हे काम आम्ही निघायच्या आधीच सुरू केलं. दर रविवारी ते कुरखेड्याहून फोन लावायचे आणि बाजाराच्या गोंगाटात आम्ही एक गाणं घ्यायचो. सरांना पेटीचं शास्त्र येत नव्हतं, पण गळा गोड होता आणि ठेक्याला पक्के होते. पांढरी दोन कोणती, पहिला सूर कुठून उचलायचा, एवढं त्यांना पक्कं यावं अशी माझी इच्छा होती. एकदा ते म्हणाले, “म्याडम, माझ्या आवाजात तर ते पोट्टे खाली येतेत.” मी म्हटलं, “मग पहिली ओळ सातवीतल्या एखाद्या मुलीला म्हणू द्या, तुम्ही मागून या.” त्यांनी दोन मुली निवडल्याही. आम्ही पोचायच्या आत भुलाबाईचं एक गाणं त्या वर्गाला येत होतं.

पहाटे नागपूर सोडलं. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, मग वैनगंगा ओलांडून वडसा, कुरखेडा आणि पुढे जंगलातून कोरची. पहिल्या दिवशी काही शिकवलं नाही. ‘जोहार’ म्हटलं, रेलाच्या ओळीत उभे राहिलो, आणि आमचे उच्चार दुरुस्त करायला मुलं इतकी पुढे आली की परकेपणा तिथेच संपला. कपाटातली पेटी काढली, सरांच्या हातात कागदाची पट्टी दिली, आणि मुके सूर एकेक करून त्यांनीच बोलते केले. आम्ही फक्त शेजारी बसलो होतो.

आता दर शनिवारी तिथे एक तास गाणं चालतं, खंजिरीवाले आजोबा येतात. परवा सरांचा फोन आला. तार सप्तकातला एक सूर कागद फिरवूनही बोलत नाही आणि भात्याच्या कोपऱ्यातून हवा जाते आहे. मी महालातल्या काकाजींना कॉन्फरन्सवर घेतलं. दोघं बराच वेळ बोलले. शेवटी काकाजीच म्हणाले, “फोनवर नाही होत हे, मीच येतो.” पुढच्या खेपेला ते आमच्याबरोबर येणार आहेत. येताना सहावी-सातवीतल्या ज्या मुलांना हाताने काम करायची आवड आहे त्यांना पेटी उघडून दाखवणार आहेत. प्रकल्प कार्यालयाच्या अर्जात त्यांचं नाव घालायचं काम सध्या चालू आहे.